तीनशे बारा काचा आणि एक काळी

मी, थिएटरच्या काचा रंगवणाऱ्या पेंटरची धाकटी मुलगी, वय छप्पन्न, लग्न केलेलं नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दबाव टाकलेला नाही, आणि माझ्यावर दबाव टाकेल असा माणूस अजून जन्मायचा आहे. येत्या सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही नाही. मग चार कागदांवर सह्या कशाला घेतल्या, विचारलं, तर हसले. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, फक्त मालमत्ता लिहा, गोष्टी नकोत." मालमत्ता कोणाला का, हे गोष्ट सांगितल्याशिवाय कसं कळणार? माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन त्यांनी बघावं, माझ्या शब्दांना हात लावू नये.

१. माझ्या दोन खोल्या, मोरीसकट, निरंकुश मालकी हक्काने माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. खिडकीची कडी ढिली आहे, ती वर उचलून लावायची.

२. बँकेत जे उरेल ते ताईच्या मुलीला. बाबांचे ब्रशही तिलाच, कारण चित्रकला शिकणारी घरात तेवढीच. त्यात एक तीन केसांचा आहे. त्याने बाबा पापण्या काढायचे. तो पाण्यात बुडवून ठेवलास, भाचीबाई, तर मी वरून येईन.

३. काचा. नग तीनशे बारा, सात लाकडी पेट्यांत.

आताच्या पोरांना माहीत नाही म्हणून लिहिते. आमचं थिएटर बाराशे खुर्च्यांचं होतं. छताला चांदण्यांसारखे दिवे, जिन्याला दोन्ही बाजूंनी आरसे. ज्या मालकाने ते बांधलं तो म्हणे पिक्चर कधी बघायचाच नाही. जिन्याखाली उभा राहून लोक वर जाताना केस सारखे कसे करतात, तेवढं बघून घरी जायचा. आता तिथे मोटारी धुतात. पिक्चरच्या आधी आणि मध्यंतरात पडद्यावर जाहिराती लागायच्या. साबण, केसांचं तेल, दंतमंजन, छत्र्या. प्रत्येक जाहिरात म्हणजे तळहाताएवढी काच, आणि प्रत्येक काच बाबांनी हाताने रंगवलेली. मी अक्षरं शाळेत कमी आणि त्या काचांवर जास्त शिकले.

चित्रासाठी बाई बसवायला पैसे कुठले? बाबा आईलाच खिडकीत बसवायचे. साबण लावणारी आई, छत्री धरलेली आई. जन्मात चष्मा न लावलेली आई चष्म्याच्या दुकानाच्या काचेत ऐटीत बसली आहे. दंतमंजनाच्या काचेत दात दाखवून हसते आहे. घरात तशी हसताना मी तिला दोनदाच पाहिली. मी मोजलं, सत्याऐंशी काचांत ती आहे.

एक हॉटेलवाला तीनदा येऊन गेला. या काचांचे दिवे करून भिंतीला लावणार म्हणे. त्याला जिन्यावरूनच परत पाठवावं. सगळ्या काचा ताईच्या. तिच्याकडे आईचा एकही फोटो नाही. का नाही, ते पुढच्या कलमात.

४. माझा भाऊ, म्हणजे दादा. आईचा एकुलता एक फोटो याने ताईला दिला नाही. एकोणचाळीस वर्षं ताई दारात आली की हा विचारतो, "काय, संपला का पिक्चर?" दादा, तुला काहीही ठेवलेलं नाही, रागावू नकोस. टोमणा तुझा, पण त्याला दारूगोळा मी पुरवला. तेव्हा फोटोची नक्कल काढून ताईला दे, आणि हे खालचं वाच.

५. एक काळी काच, पत्र्याच्या डब्यात, जुन्या पातळात गुंडाळलेली.

प्रेक्षकांपैकी कोणाला निरोप द्यायचा असला की काचेवर काजळी धरायची आणि सुईने त्यात अक्षरं ओरखडायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची. त्या दिवशी ताई दुपारच्या खेळाला गेली होती. आईची छाती भरून आली, ती सारखी "थोरलीला बोलवा" म्हणत होती. मी थिएटरवर धावले. मध्यंतर होतं, प्रोजेक्टर चालवणारे मशीनवाले काका चहाला खाली गेले होते. मी काजळी धरली, लिहिलं, "पेंटरची मोठी मुलगी, लगेच घरी या," आणि काच दिव्यापुढे सरकवली. काच डोकं खाली करून सरकवायची असते, तेव्हा पडद्यावर सरळ दिसते. हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. घाईत मी ती सरळ घातली. आणि न बघताच जिना उतरून आईकडे पळाले. मागे लोक हसल्याचं ऐकलं. वाटलं, ताई निघाली असेल.

ताई पिक्चर संपवून आली. आई तासाभरापूर्वी गेली होती. सगळ्यांनी विचारलं, मी म्हटलं, "मी काच लावली होती." ते खरं होतं. ताई म्हणाली, "काही आलंच नाही." तेही खरं होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, काच डोक्यावर उभी होती. मी वर आलो तोवर मध्यंतर संपलं होतं, न वाचताच काढून पुढचं रीळ लावलं." मी त्यांचे पाय धरले, कोणाला सांगू नका. त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. आई मरत असताना पिक्चर बघत बसलेली मुलगी, हे ताईच्या कपाळी चिकटलं ते माझ्यामुळे.

ही काच ताईची. फोडायची तर फोडावी.

६. जिला मिळायचं तिने साक्षीला बसू नये, असं वकील म्हणतात. म्हणून ताई बाहेर जिन्यावर बसली आहे आणि "बोलावून घेतेस आणि दाराबाहेर बसवतेस, भवाने!" असं ओरडते आहे. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात म्हणे. तेवढा दम मला नाही. सह्या झाल्या की दार उघडून कलम पाच मी तिला तोंडावर वाचून दाखवणार.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही: पेंटरची धाकटी
साक्षीदार एक: मशीनवाले काका (हात कापतो म्हणून सही वाकडी)
साक्षीदार दोन: समोरच्या खोलीतल्या शिंपीणबाई
ठिकाण: माझी राहती खोली
दिनांक: ९ मार्च २०२३

ता. क. सह्यांनंतर लिहिलेलं धरत नाहीत, वकील म्हणतात. नका धरू. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ती उलटी काच होय? मी पण हसले होते गं तिला." मग डबा उघडून काच काढली, खिडकीच्या उजेडात धरली, सरळ, आणि एकेक अक्षर वाचलं. वाचून झाल्यावर काचेलाच म्हणाली, "आले गं."