पुंडल्याचा मितान

१४ नोव्हेंबर १९५८

सुखरामने डोकं भादरलं!

आज पुंडल्याचा दहावा झाला, शिवनाथच्या काठावर. गावाहून आलेला त्याचा भाऊ देवाजी न्हाव्यापुढे बसला, ते रीतीनेच. तो उठला आणि त्याच्या जागी हा सुखराम जाऊन बसला. खुर्सीपारचा छत्तीसगढी गडी, आमच्याच टोळीतला खलासी, क्रेनखाली लोड बांधणारा. याचा काय संबंध? वच्छलावहिनीला विचारलं. नवऱ्याच्या दहाव्याला बिचारीला हे विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. म्हणाली, "मितान होते ना दोघं. यंदा रथयात्रेले नारळ बदलले. तुमी पेरणीसाठी गावाले गेलते तवा."

इकडे तशी पद्धत आहे. दोन गडी देवापुढे नारळ बदलतात, एकमेकांना टिळा लावतात आणि जन्माचे सोयरे होतात. मग एकाचं सुतक दुसऱ्याला लागतं.

आणि मी? पुंडल्या नि मी दोघं भंडाऱ्याकडचे. या पोलाद कारखान्याच्या बांधकामासाठी एका डब्यातून दुर्गला उतरलो. वहिनी येईपर्यंत एका झोपडीत राहिलो, एका पातेल्यात जेवलो. शेवटी त्याला कावीळ झाली तेव्हा उसाचा रस घेऊन मीच रोज जात होतो. पण माझे केस जागच्या जागी! घरी येऊन आरशात पाहिलं. भांग पाडलेला. आरसा उलटा करून ठेवला.

१५ नोव्हेंबर

पुंडल्यानं सांगितलं का नाही मला? पेरणीहून आलो तेव्हा विचारलं काय, तर "बैल कसे हायेत रे तेज्या?" बैल!

मेलेल्या माणसावर रागावून काय होतं? पण रागावलो आहे.

१७ नोव्हेंबर

तेरवी. जेवणं झाल्यावर सगळे पुंडल्याच्या गोष्टी सांगत बसले. जो तो म्हणे, माझा फार जवळचा होता. एक जण म्हणाला, मलाच त्यानं पोहायला शिकवलं. खोटं! पुंडल्याला पोहता येत नव्हतं. खरं मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

मग सुखरामला म्हणाले, तूही बोल. तो उभा राहिला. "ओ बने मनखे रिहिस," म्हणाला आणि बसला. तो चांगला माणूस होता, बस. नावसुद्धा घेतलं नाही! सगळी तेरवी पाहत होतो मी, एकदाही नाही. नुसतं ओ, ओखर, ओला; तो, त्याचा, त्याला. डोकं भादरायला तेवढं पुढे, नाव घ्यायला जीभ वळत नाही. बरं वाटलं मला. हे इथेच लिहितो, कोणाला सांगणार नाही.

पण निघताना वहिनीनं पुंडल्याचा गळपट्टा काढला आणि सुखरामच्या हातात दिला. "थंडी पडून राह्यली, घाला," म्हणाली. तो गळपट्टा नागपूरहून मी आणला होता. हिरवा.

१९ नोव्हेंबर

सुतक संपवून सुखराम कामावर आला, आणि फोरमन पंजाबरावांनी त्याला थेट पुंडल्याच्या जागी उभं केलं. माझ्या क्रेनखाली!

वर केबिनमध्ये मी आणि खाली पुंडल्या, असं आमचं होतं. लोड हलवण्याआधी मी वरून हाक मारायचो, "पुंडल्याऽऽ!" तो खालून, "तेज्याऽऽ!" मग काम. वर घे, डावीकडे ने, थांब, या खुणा सगळेच करतात. पण लोड अगदी बोटभर खाली सोडायचा असला की पुंडल्या तळहात वर धरून त्यावर अंगठा घासायचा, तंबाखू मळल्यासारखा. रशियन साहेब पहिल्यांदा पोट धरून हसला. पुढे तोही तसंच करायला लागला. ते मी सोडून दिलं, पाहुणा माणूस.

आज गर्डर जागेवर बसायला आला. सुखरामनं हिरवा गळपट्टा मागे टाकला, तळहात धरला आणि अंगठा घासला. हुबेहूब!

मी सोडला नाही गर्डर. ठेवला तसाच टांगून. सगळे वर बघत होते. पंजाबराव भोंगा लावून ओरडले, "तेजराम, झोपला का बे?" शेवटी त्यांनी स्वतः खूण केली तेव्हा सोडला.

२० नोव्हेंबर

वरून त्याचं फक्त डोकं दिसतं. उन्हात चकाकतं.

२१ नोव्हेंबर

पंजाबरावांनी बोलावलं. म्हणाले, "वरचा खालच्याले मानत नसंन तर कोनाचा तरी जीव जाईन. काय पायजे तुले?"

दुसरा माणूस द्या, म्हटलं. कारण विचारलं. काय सांगू? म्हटलं, त्याच्या खुणा मला कळत नाहीत.

सोमवारपासून सुखरामला कोक ओव्हनकडे पाठवतो म्हणाले. जिंकलो. भाकर दोन घासांच्या वर गेली नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी सुखराम क्रेनच्या शिडीपाशी उभा. बदलीबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, "मितान के नाँव नइ धरन, भइया. जियत रिहिस तभो नइ, अब घलो नइ." मितानाचं नाव घ्यायचं नसतं. जिवंतपणी नाही, मेल्यावरही नाही. नारळ बदलला त्या दिवसापासून ते नाव त्याच्या तोंडून निघालेलं नाही. "तैं ऊपर ले दिनभर हाँक पारस. मोला तोर ले जलन होवय."

वरून दिवसभर मी त्याला हाका मारायचो म्हणून माझा हेवा! माझा!

"एक बार ले दे ओखर नाँव."

मी म्हटलं, पुंडलिक. त्यानं मान हलवली. "अइसन नइ. ऊपर ले."

पंजाबरावांना सांगून आलो, बदली नको. मग वर चढलो आणि केबिनमधून वाकून, पूर्वी मारायचो तशी हाक मारली. खाली कोणी ओ दिली नाही. सुखरामनं हिरवा गळपट्टा मागे टाकला. मग त्यानं तळहात वर धरला, अंगठा घासला.

मी लोड सोडला, बोटभर.