नोंदणी क्रमांकाप्रमाणे भारत

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
होळीनंतरचा नववा दिवस

तीर्थस्वरूप नवनीतआबा यांस,

गिरधरचा साष्टांग नमस्कार. (जावई सासऱ्याला साष्टांग घालतो म्हणजे काहीतरी काम काढलं असणार, असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही, सहज लिहायला बसलो.) तुमचे गुडघे, कमलवहिनींचा खांदा आणि रनाळ्याचा कांदा असं सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे. गजराची खुशाली खरं तर मी तुम्हाला कळवायची, पण ती बारा दिवसांपासून तुमच्याकडेच असल्यामुळे या खेपेला ती तुम्ही मला कळवावी. ती आखाजीला माहेरी आली आहे. पंचांगात अक्षय्य तृतीया अजून सव्वा महिन्यावर आहे हे मला ठाऊक आहे, ती जरा लवकर आली एवढंच. गावात मी असंच सांगितलं आहे, कोणी विचारलं तर तुम्हीही तसंच सांगावं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. गजराला फोन केला तर तो वाजत राहतो. तुमच्या फोनवर केला तर तुमच्या सूनबाई, कमलवहिनी, उचलतात आणि ताई अंघोळीला गेल्यात म्हणून सांगतात. मंगळवारी मी सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला केला, तिन्ही वेळा ती अंघोळीलाच होती. रनाळ्याला एवढं पाणी आलं असेल तर आनंदच आहे. व्हॉट्सॲपवर लिहावं तर आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर पंचेचाळीस माणसं आहेत आणि एकालाच कसं पाठवायचं ते मला अजून नीट साधत नाही. (मागे मी तुमच्या नातवाला, हेमकांतला, सुरतेला माझ्या मूळव्याधीबद्दल एक खाजगी गोष्ट विचारली, ती पंचेचाळीस जणांनी वाचली आणि नऊ जणांनी अंगठा दाखवला.) म्हणून पत्र.

आता ती का आली, याबद्दल तिने तुम्हाला काहीतरी सांगितलंच असेल. माझी बाजू अशी. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून मी निवृत्त झालो तेव्हाच्या समारंभाला तुम्ही पहिल्या रांगेत होता. माझ्या हातात माइक पहिल्यांदाच आला होता. आभार मानून खाली बसायचं ठरलं होतं, पण माइक हातात आला की माणसाला आपलाच आवाज आवडायला लागतो, आणि मी बोलून गेलो की आता मी गजराला संपूर्ण भारत दाखवणार. ‘जमेल तसा’ हे दोन शब्द राहून गेले. टाळ्या पडल्या. (तुम्हीही वाजवल्या, तेव्हा थोडी जबाबदारी तुमचीही येते.) गजरा बायकांमध्ये बसली होती. तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसली. ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि तिने पाहिलंय काय, तर सुरत, शिर्डी आणि धुळ्याचा डोळ्यांचा दवाखाना. (मीही तेवढंच पाहिलंय, पण माझं सोडा.) या गोष्टीला आता दोन वर्षं झाली.

दोन वर्षं मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. शहाद्याहून शाळेत असतो तसला मोठा नकाशा आणला आणि भिंतीवर ठोकला. खिळा नेमका नंदुरबारवर आला, त्यामुळे निघायचं कुठून हाच पहिला घोटाळा. मग नकाशापुढे खुर्ची टाकून बसू लागलो. आबा, हा देश फार मोठा आहे. शाळेत हे सांगितलं होतं, पण तेव्हा आपल्याला तिथे जायचं नव्हतं. एकाच दिवशी एकीकडे माणसं बर्फ खरवडतायत आणि दुसरीकडे उघड्या अंगाने नारळाखाली बसलीयत, मग बॅगेत स्वेटर वर ठेवायचा की खाली? तिकडे भात, इकडे पोळी, आणि गजराला तर दोन दिवस कळण्याची भाकरी मिळाली नाही की डोकं धरतं. चहा कुठल्या भाषेत मागायचा? हेमकांत म्हणाला, बाबा, आधी आठ दिवस राजस्थान करून या. मी म्हटलं, मी माइकवर राजस्थान म्हटलेलं नाही.

गावात ज्याला विचारावं तो वेगळं ठिकाण सांगायचा, आणि सांगणारा स्वतः कधी तिथे गेलेला नसायचा. शेवटी मी कारखान्याची रीत लावली. (तुमच्याकडे ऊस कधी नव्हता म्हणून थोडं सांगतो. शेतकऱ्याने उसाची लागण केली की शेतकी खात्यात नोंद होते, नोंदीला क्रमांक पडतो, आणि हंगाम सुरू झाला की त्या क्रमांकाप्रमाणे तोडणीची टोळी शेतात जाते. मध्ये कोणी घुसायचं नाही. एकदा माझ्या सख्ख्या काकांनी घुसायचा प्रयत्न केला, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.) तर मी एक वही घातली, रकाने आखले आणि ज्याला जे ठिकाण सुचवायचं असेल त्याने नोंद करावी असं जाहीर केलं. पहिली नोंद शेजारच्या कौसाबाईंची, रामेश्वर. दुसरी पिठाच्या गिरणीवाल्याची, अमृतसर. तिसरी जगन्नाथपुरी, चौथी कच्छचं पांढरं रण, पाचवी कामाख्या, आणि असं करत एकवीस नोंदी झाल्या. माणसं संध्याकाळी ओट्यावर यायची, नाव सांगायची, सही करायची. कौसाबाईंनी अंगठा दिला आणि माझ्या वाटचं दर्शन तुम्हीच घ्या म्हणून डोळे पुसले. एवढा मान मला नोकरीतही मिळाला नव्हता.

मग मी नकाशावर टाचण्या टोचल्या आणि क्रमांकाप्रमाणे दोरा लावला. रामेश्वराहून अमृतसर, तिथून पुरी, पुरीहून कच्छ, कच्छाहून थेट आसाम. सगळा दोरा लावल्यावर भिंतीवर खाट विणल्यासारखं दिसायला लागलं. हेमकांतने मोबाइलवर हिशेब करून सांगितलं की यात बावन्न दिवस नुसते गाडीत जातात आणि बघायला काही उरत नाही. गजरा चहा घेऊन आली होती, तिने नकाशाकडे बघून एवढंच विचारलं की रामेश्वर आणि कन्याकुमारी जवळजवळ दिसतात, मग दोन्ही एकदमच का करत नाही? मी तिला समजावलं की रामेश्वराचा क्रमांक पहिला आणि कन्याकुमारीचा अकरावा, मधल्या नऊ जणांना मी काय तोंड दाखवू? ती कपबशा उचलून आत गेली. मला वाटलं, तिला पटलं.

एवढा लांबचा प्रवास तालमीशिवाय करणं बरं नाही, म्हणून होळीच्या आधी मी एक दिवसाची तालीम ठेवली. ब्राह्मणपुरी ते प्रकाशा आणि परत, पण सामान पूर्ण. पीठ, ठेचा, पापड-बिबडे, स्टोव्ह, अंथरूण, स्वेटर, छत्री वगैरे मिळून सामानाचे आठ डाग. एस.टी.त चढताना मोजले तर आठ, उतरताना मोजले तर नऊ भरले. (नववा डाग एका म्हाताऱ्याचा होता, तो आमच्यामागे ओरडत पळत आला. बाहेरगावी हे फार महागात पडलं असतं.) प्रकाशाला मी स्टँडवर चहावाल्याला हिंदीत विचारलं, भाईसाब, यहाँ चाय मिलेगी क्या? तो आमच्याच गल्लीतला निघाला. त्याने मला वर-खाली बघितलं आणि गजराला हळूच विचारलं की दादाला बरं नाही का. मग आम्ही तापीवर गेलो. माझ्या कागदावर नदी बघण्यासाठी दहा मिनिटं लावलेली होती. दहा झाली, मी शिट्टी वाजवली. (शिट्टी तालमीपुरतीच होती.) गजरा पायरीवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. ती म्हणाली, “जराखं बठू द्या ना. नदी देखी ऱ्हायनी मी.”

आबा, तेव्हा मी जे बोललो ते तुम्हाला तिने सांगितलं असेल, तरी मीही सांगतो. मी म्हणालो की ही सहल नाही, तालीम आहे, बघायचं ते खऱ्या सहलीत बघू. ती उठली, पाय पुसले, आठही डाग स्वतः मोजले आणि गाडीत बसली. परतीच्या वाटेवर तिला खिडकीतून काहीच बघायचं नव्हतं, ती समोरच्या बाकाची पाठ बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्याने मला दिलेली चाकांची बॅग भरायला लागली. मी त्याआधीच एक लांब पल्ल्याची तालीम जाहीर केलेली होती, त्यामुळे तिचा उत्साह पाहून मला फार बरं वाटलं. रनाळ्याला जाते म्हणाली, मला तालमीला तो पल्ला बरा वाटला, आणि बॅग मीच फाट्यापर्यंत ओढत नेली. कंडक्टरला मीच सांगितलं की बाईंना नंदुरबारला नीट उतरवा, पुढे रनाळ्याची गाडी दाखवा. (हल्ली बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून रुसणंही सोपं झालंय.) गाडी वळणाआड गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खाली उभा आहे आणि बॅग एकच होती.

मग दोन दिवसांनी दलसिंग आला. तुम्हाला आठवत असेल, धडगावकडचा, आमच्या कारखान्याला तोडणीच्या टोळ्या आणायचा तो मुकादम. होळीला डोंगरावर घरी जाताना तो दरवर्षी माझ्याकडे चहा घेतो. या वेळी चहा मीच केला, त्याने तो मुकाट्याने प्यायला. त्याला मी नकाशा दाखवला, वही दाखवली. त्यालाही म्हटलं, तू सौराष्ट्रात गेलास, बारामतीकडे गेलास, बेळगावकडे गेलास, एक नोंद तुझीही कर. तो बराच वेळ आठवत राहिला. मग त्याने मला कुठल्या गावच्या चिंचेखाली दुपारची झोप चांगली लागते आणि कुठल्या हापशाचं पाणी गोड आहे ते सांगितलं. रकान्यात बसेल असं त्यात काही सापडेना. जाताना त्याने वहीची पानं पुन्हा उलटली (त्याला आकडे आणि नावं वाचता येतात, आमच्याच चिठ्ठ्या वाचून शिकला) आणि विचारलं, “दादा, बाईना नंबर कितवा शे?”

मी म्हटलं, असेल की. त्याच्या देखत शोधला. पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत पाहिलं, मग उलटं पाहिलं. गिरणीवाला होता, सलूनवाला होता, ज्याच्याशी माझं बांधावरून भांडण आहे तोही होता. गजरा नव्हती. दलसिंग पायात वहाणा सरकवत म्हणाला, “नोंद नही त्याना ऊस उभाच ऱ्हास. तुम्हीच सांगेत ना.” आणि तो गेला.

होळीची पुरणपोळी मी कौसाबाईंकडे खाल्ली. त्यांनी चांगली केली होती, पण मला अर्धीच गेली.

असो. पत्र फार लांबलं. मुलाबाळांना आशीर्वाद, कमलवहिनींना नमस्कार, आणि अंघोळीच्या पाण्याची काळजी घ्यावी. सहज लिहिलं होतं, उत्तराची घाई नाही.

आपला,
गिरधर दोधू पाटील

ता. क. उत्तराची थोडी घाई आहे. पाकिटात माझा पत्ता लिहिलेलं एक कार्ड घातलं आहे.

ता. क. दुसरा. एकविसाव्या नोंदीनंतर तिची बाविसावी घालावी असा नियम आहे. तो मी नऊ दिवस पाळायचा प्रयत्न केला. काल शेवटी नवी वही घातली आणि पहिल्या पानावर पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं. ठिकाणाचा रकाना मोकळा आहे. अडतीस वर्षांत मी तिला हे एकदाही विचारलेलं नाही, त्यामुळे काय भरायचं ते मला खरंच माहीत नाही. ते तिला विचारून कार्डावर कळवावं, एवढंच काम होतं. कौसाबाईंना आणि बाकीच्यांना मी तोंड देईन.

ता. क. तिसरा. इथून पुढचं तुम्ही वाचू नका. कागद तिच्या हातात द्या आणि जरा ओट्यावर जाऊन बसा.

गजरा, दोन वरीस मी नोंदीच लिखत बसनू, कारण मले भ्याव वाटस. सुरतना पुढे मी कधीच गयेल नही. तठे मले कोनीच वळखत नही, बोली समजत नही, आनि तुले मी काय दखाडसू? हाई मी माइकवर बोलनू नही, कोनलेच सांगं नही. तू सांग कुठे जानं शे ते. मी तुले नेस नही. तूच मले संगे लई चाल.