पत्र्याची गाडी सगुणेच्या एकटीच्या नावे

मी, चंद्रभान लिंबाजी खिल्लारे, वय बासष्ट, कालव्याच्या मोजणी कॅम्पवर एकवीस वर्षे स्वयंपाकी, सध्या घरी, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हा कागद माझ्या मर्जीने लिहवून घेत आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, दमदाटी केलेली नाही. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. मी संतापलेला आहे ही गोष्ट वेगळी. संतापलेल्या माणसालाही मृत्युपत्र करता येते, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

एक. बोरीतले दोन खणांचे घर मुलगा पंडित यास. तो परभणीला कचेरीत कारकून आहे. त्याच्या सोयरिकीच्या बैठकीत त्याने माझी ओळख "आबा सर्वे खात्यात होते" अशी करून दिली, आणि पाहुण्यांसाठी हॉटेलातून चहा मागवला. मी आत कॉफीचा फिल्टर लावून बसलेलो, आणि पाहुणे ते पाणचट गुळवणी पिऊन गेले! अरे गाढवा, त्याच कॉफीवर तू मॅट्रिक झालास. तरी पोटचा आहे म्हणून घर देतो. गाडीला मात्र त्याने बोट लावायचे नाही.

दोन. गाडी म्हणजे कॅम्पची पत्र्याची, दोन चाकांची खोली. जीपच्या मागे जोडून ती माळामाळाने फिरायची. साहेब तीत राहायचे आणि मी तीत कॉफी करायचो. कॅम्प मोडल्यावर ती लिलावात मी घेतली, पावती ट्रंकेत आहे. माझी मुलगी सगुणा सहा वर्षांपासून तीत राहते. चारठाण्याचा तिचा नवरा माणिक तिला मारायचा म्हणून ती आली. मागच्या महिन्यात पंडित भंगारवाल्यालाच घेऊन आला आणि माझ्यासमोर चाके दाखवायला लागला. म्हणे, "आबा, ह्यो खटारा ठिवून काय करायलाव तुमी? सगुणीला नांदायला धाडा. लोकं लय नावं ठिवायलेत." नावे ठेवणाऱ्या लोकांनी तिला एक दिवस भाकरी घातली का, ते विचार म्हणावे.

ही गाडी, आतल्या सगळ्या सामानासह, सगुणा हिच्या एकटीच्या मालकीची. तिने ती बोरीत ठेवावी, गंगाखेडला नेऊन धंदा करावा, विकावी, नाहीतर पेटवून द्यावी. पंडित, माणिक किंवा भावकी यांपैकी कोणी हक्क सांगितला तर तो खोटा समजावा.

तीन. पितळी फिल्टर, हातचक्की, बिया भाजायचा तवा आणि गाडीची पातळी बघायची पाणसळ सगुणेलाच. मैसूरकडच्या साहेबांनी मला शिकवले ते असे. विहिरीचे मचूळ पाणी वापरू नये, नदीचे आणून गाळावे. बिया मंद आचेवर भाजाव्या, दार लावून, नाहीतर माळावरची धूळ बसते. रॉकेलचा हात धुतल्याशिवाय फिल्टरला लावू नये. चाकाखाली दगड सारून, पाणसळ ठेवून गाडी आधी सरळ करावी. गाडी कललेली असली की पाणी एका अंगाने निसटते आणि अर्क फिका उतरतो. पाणी ओतल्यावर गाडीत कोणी चढू नये, उतरू नये. दूध वेगळे तापवावे. अर्क उकळणाऱ्याला माझ्या गाडीत थारा नाही.

चार. कान तुटलेला माझा कप दिनकरराव ओव्हरसियर यांना. छप्पन साली आम्ही धम्म घेतला, तरी यांनी माझा कप चाकापाशी खालीच ठेवायला लावला. माझ्या हातचे चालत नाही म्हणायचे. आणि साहेब दौऱ्यावर गेले की मागच्या खिडकीतून स्वतःचा कप पुढे करायचे! पंधरा वर्षे मी तो भरला. माझा कप आता त्यांनी घेऊन जावा आणि चारचौघांत त्यातून प्यावे. हिंमत नसेल तर फोडावा.

पाच. माझ्या मयताला माणिक याने येऊ नये. आला तर पंडितने त्याला हाकलावे, तेवढे तरी करावे.

सहा. सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या, आता माझी पाळी. अडुसष्टच्या उन्हाळ्यात कॅम्प चारठाण्याजवळ होता. मोठे साहेब तपासणीला आलेले. गाडी पाणसळीत, फिल्टरात पाणी नुकतेच ओतलेले. तेवढ्यात सगुणा सासरहून अनवाणी चालत आली. ओठ फुटला होता. तिने पायरीवर पाय ठेवला आणि मी आतून खेकसलो, "चढू नको! गाडी हलंल!" ती खाली उतरून उन्हात उभी राहिली. अर्क उतरायला वीस मिनिटे लागली. मग दूध, मग साहेबांना दोन कप, मग भांडी. बाहेर आलो तर ती नव्हती. माणिक येऊन तिला घेऊन गेला होता. पुढे तीन वर्षे ती तिथेच नांदली. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, ते त्या तीन वर्षांतले.

मोठ्या साहेबांनी त्या दिवशी कॉफीची फार तारीफ केली. ती मी गावभर सांगत फिरलो. सगुणेचे मात्र कोणालाच सांगितले नाही. थू माझ्या तोंडावर.

सात. हा कागद सही करण्यापूर्वी सगुणेला तिच्या उजव्या कानाच्या बाजूला बसून मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "गाडी घेते मी, आबा. पण त्या दिशी तुमी नुसतं 'वर ये' म्हणले असते, तर काय झालं असतं? साहेबानं फिकी कॉफी पेली असती."

लिहिणाऱ्या नागनाथने, हे लिहू का म्हणून विचारले. लिही म्हणालो.

मुक्काम बोरी, तारीख ९ मे १९७७.

सही : चंद्रभान लिंबाजी खिल्लारे

साक्षीदार : बन्सीधर गुरुजी, प्राथमिक शिक्षक, बोरी (सही)
साक्षीदार : भगवानराव, शेजारी, बोरी (डाव्या अंगठ्याची निशाणी)
लिहिणार : नागनाथ, अर्जनवीस, जिंतूर. सांगितले तसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.