पुलापलीकडची खोली

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही हल्ली हवापाण्याचंच बोलता. इकडे ऊन आहे, तिकडे गारवा असेल, तब्येत बरी, ठेवतो आता. मीही हो-हो म्हणते आणि ठेवून देते. म्हणून आज रजा काढून लिहायला बसलेय. काळजी करू नका, सगळं ठीक आहे, तुमचे जावई मजेत आहेत आणि माझा खोकलाही गेला.

तुम्ही इकडे यायचं ठरवलंत तेव्हा मी किती हौसेने तुम्हाला शहर समजावून सांगितलं होतं. आमच्याकडे सासू-सासरे धरून चार माणसं, तुम्हाला झोपायला नुसता दिवाणखाना उरत होता. तेव्हा तुम्हीच म्हणालात, मी आपला बाहेर राहतो, फिरायलाही मोकळा. मग मी तुम्हाला एकेक भाग सांगत बसले. तलावाकाठी शांतता, रुंद फुटपाथ, जवळच संग्रहालय, म्हणजे राहायला उत्तम. टेकडीवरून सगळं शहर दिसतं, पण तुमच्या गुडघ्यांना तो चढ झेपायचा नाही. जुन्या बाजारात दिवसा जरूर फिरा, रात्री मात्र तिथे गोंगाटाने डोळा लागणार नाही. आणि पुलापलीकडे जाऊच नका, तिथे लाँड्र्या आणि भंगाराची दुकानं सोडून पाहण्यासारखं काही नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. आठवड्याने फोन करून म्हणालात, खोली ठरली, पुलापलीकडे. मी किती डोकं आपटलं. मला वाटलं, तुमची नेहमीची काटकसर. तुम्ही एवढंच म्हणालात, "राहून तर बघू. आणि तू एकदा संध्याकाळी सवडीने ये. तुला एक गंमत दाखवायची आहे."

स्टेशनवरून मीच तुम्हाला तिथे सोडलं. गल्लीत वाफेचा आणि साबणाचा वास भरून राहिलेला, ओला रस्ता, चादरींच्या ढिगांनी भरलेल्या ढकलगाड्या, आणि तो अंधारा जिना. मी पर्स छातीशी धरून, भिंतीला अंग लागणार नाही अशी चढत होते. तुम्ही मात्र माहेरी आल्यासारखे इकडेतिकडे बघत होतात. दुसऱ्या दिवसापर्यंत तर घरमालकीणबाईंच्या मांजराचा कान तपासून, त्यात औषधाचे थेंब घालून झाले होते. जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतात, हात स्वस्थ बसणार कसे. खालच्या किल्लीवाल्याशीही तुमची दोस्ती जमली. रोज फोनवर विचारायचात, आज येतेस का? रोज मला काहीतरी काम निघायचं. खरं तर काम नव्हतं. तो जिना पुन्हा चढायचा नव्हता.

मग आमच्याकडचं ते जेवण. मामंजींनी अगदी सहज विचारलं, कुठे उतरलात? तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवलात, चेहरा खुलला तुमचा. "पुलापली..." एवढं तुमच्या तोंडून निघालं असेल नसेल, मी मध्येच तोडलं. मीच म्हणाले, तलावाकाठच्या हॉटेलात, अगदी समोर. मामंजी म्हणाले, "वा, मग खिडकीतून पाणी दिसत असेल." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही, घास गिळायला लागतो तेवढाच. मग त्यांच्याकडे वळून म्हणालात, "दिसतं ना. सकाळी सकाळी बदकं येतात."

पुढे तुम्ही किती बोललात त्या बदकांबद्दल. एक लंगडं आहे, ते नेहमी मागे राहतं, बाकीची त्याच्यासाठी थांबतात. सासूबाई कौतुकाने ऐकत होत्या. सगळे हसले, मीही हसले आणि तुम्हाला आणखी वाढलं. बाबा, तुम्ही तोवर तो तलाव पाहिलासुद्धा नव्हता. तुम्हाला खोटं बोलताना मी प्रथमच पाहत होते, आणि तेही किती सराईतपणे, केवळ मी उघडी पडू नये म्हणून.

तेवढ्यावर मी थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण मामंजी कधी सोबत फिरायला म्हणून तुमच्या हॉटेलावर आले तर, या भीतीने दुसऱ्याच दिवशी मी तुम्हाला पुलापलीकडून खरोखरच तलावाकाठी हलवलं. तुम्ही मुकाट्याने बॅग भरलीत. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांना मी सांगितलं की तुम्हाला इथली हवा मानवत नाही. आणि जिना उतरताना, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ही काय माणसांनी राहायची जागा आहे?" तुमचा हात कठड्यावर होता. तो तिथेच थांबला. मला वाटलं, गुडघा दुखला असेल.

त्या हॉटेलात तुम्ही पार मिटून गेलात. दार उघडायला लावायचं ते कार्ड तुमच्याकडून उलटंच लागायचं, दर वेळी खालच्या माणसाला बोलवायला संकोच वाटायचा, म्हणून मग तुम्ही बाहेर पडणंच सोडलंत. मी संध्याकाळी यायचे तेव्हा तुम्ही पायात बूट घालून खुर्चीवर बसलेले असायचात, जणू कुणी न्यायला येणार आहे. खिडकीचा पडदाही सरकवलेला नसायचा. मग एके दिवशी म्हणालात, लवकर निघतो, दवाखान्यात नवा माणूस आलाय, त्याला औषधांची कपाटं दाखवायची आहेत. निवृत्त माणसाला कोण बोलावतं कपाटं दाखवायला? मला कळत होतं. तरी मी तिकीट बदलून आणलं. गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना कान तापलेत माझे, पण लिहायलाच हवं.

गेल्या आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला. तुमचा स्वेटर तिथे राहिला होता. मी गेले. त्यांनी स्वेटर हातात दिला, बसा म्हणाल्या नाहीत, आणि तेही बरोबरच होतं. फक्त विचारलं, "शेवटी दाखवलं का त्यांनी तुम्हाला?" मी म्हटलं, काय? मग गॅलरीतून समोरच्या लाँड्रीत त्यांनी हाक मारली, आणि तिथल्या इस्त्रीवाल्या मावशी पदराला हात पुसत वर आल्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाल्या, "तोंडावळा तिचा नाही. पण उभी राहतेस तशीच, एका पायावर."

आई त्या लाँड्रीत कामाला होती, हे मला ती गेल्यावर, एका परक्या बाईकडून कळलं, बाबा. घरात कायम एवढंच ऐकलं होतं की लग्नाआधी आई शहरात तिच्या मावशीकडे शिकत होती. तिच्या भावांनीच ते तसं सांगायचं ठरवलं होतं म्हणे, आणि तुम्ही दोघांनी ते पाळलंत. इस्त्रीवाल्या मावशींनी सगळं सांगितलं. ती हॉटेलांच्या चादरी धुऊन घड्या घालायची, लाँड्रीच्याच माडीवर इतर मुलींबरोबर राहायची. तुम्ही प्रशिक्षणासाठी आला होतात आणि समोर, मालकीणबाईंच्या याच घरात, तुम्ही या वेळी घेतलेल्या याच खोलीत उतरला होतात. मावशी हसत म्हणाल्या, "रोज एक पँट इस्त्रीला घेऊन यायचे. होत्या दोनच. एक अंगावर, एक आमच्याकडे."

त्या मला खाली लाँड्रीत घेऊन गेल्या. आत दोन मुली चादरीची घडी घालत होत्या. टोकं धरून लांब जायचं, ताणायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं. मी तिथेच उभी राहिले. लहानपणी आई मला समोर उभी करून अशीच घडी घालायची. "ताण नीट, आता ये माझ्याकडे," म्हणायची, आणि मी धावत जाऊन तिच्या पोटावर आदळायचे. तुम्ही मला हेच दाखवणार होतात. आणि मी त्या जिन्यात, आईच्या माडीसमोर उभी राहून म्हणाले होते की ही माणसांची जागा नाही.

रविवारी मी घरात सगळं सांगितलं. सासूबाईंना आधी समजेचना. त्या म्हणाल्या, "मग ती बदकं?" मी म्हटलं, ती बाबांनी माझ्यासाठी पाळली होती. मामंजी उठून आत गेले. संध्याकाळी चहाच्या वेळी एवढंच म्हणाले, "त्या दिवशी आपल्याकडचा घास त्यांच्या घशाखाली उतरला कसा असेल?" चिडून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

बाबा, हे पत्र मी तुमच्या त्याच खोलीतून लिहितेय. काल रात्री इथेच झोपले. मालकीणबाईंनी आधी खळखळ केली, मग किल्ली दिली. मांजराचा कान बरा आहे. समोर लाँड्रीच्या माडीला चार खिडक्या आहेत. मावशी खालीच कामाला असायच्या, माडीवर कधी राहिल्या नाहीत, त्यामुळे आईची खिडकी दुसरी की तिसरी हे त्यांना नक्की सांगता येत नाही. सकाळपासून मी दोन्हींकडे आळीपाळीने बघतेय. एकीत कुणी मुलगी केस वाळवत उभी आहे, दुसरी बंद आहे. कोणती ते तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. महिनाअखेरपर्यंत खोली तुमच्या नावावर ठेवून घेतली आहे. स्टेशनवर मी येईन. बोलायचं नसेल तर बोलू नका, रागातच या, पण या, आणि मला ती खिडकी दाखवा.

तुमचीच,
ठकी