नसलेला धूर

गुरुवार, संध्याकाळ. सापगाव

आजही तोच वास. दुपारी जेवता जेवता उठले, चूल पाहिली. विझलेली. परत बसले, परत उठले. नवरा म्हणाला, "अगो, धूर कुठाय? जेव की." धूर नाही हे मलाही कळतं. तरी नाकात येतो आणि छाती धडधडायला लागते.

गेल्या उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेणी टाकून राब भाजला. वारा पडायची वाट न पाहता मीच काडी लावली. ठिणगी शेजारच्या हिराकाकीच्या गोठ्यावर गेली. गाय दावं तोडून सुटली. वासरू नाही सुटलं. तेव्हापासून झोप उडाली, पित्त वाढलं. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत, सगळं मनाचं आहे. मनाचं म्हणजे खोटं का?

आज वारा पडल्यावर काकी दारात आली. वर्षभर मी तिला तोंड दाखवलं नव्हतं. म्हणाली, "राब पेटवायचाय. हंडा भरून घे नि उभी रा माझ्याजवळ." टोमणा होता का? चेहऱ्यावरून कळेना. गेले. राब काळा पडेपर्यंत हंडा कमरेवरून उतरवला नाही. शेवटची धग गेली, पाणी शिंपडून झालं, तरी मी हुंगतच होते. काकी बघत होती.

मग अगदी हळू म्हणाली, "तुलाबी येतो का गो, धूर नसताना?"