पहाटे चारचा रकाना

बालीगंज, कलकत्ता
जून १९७४

अहो,

आपला दिगू आय.ए.एस. झाल्याची तार गौहाटीला पोचली असेल. बँकेत पेढे वाटताना तुम्ही सगळ्यांना सांगत असाल, की मी आखून दिलेलं वेळापत्रक पोरानं तंतोतंत पाळलं.

पाळलं खरं. पण पहाटे चारचा रकाना त्याचा नव्हता. पहिल्या दिवशी उठवलं, तर तो पुस्तकावरच डोकं टेकून झोपला. माझ्याच्यानं त्याला पुन्हा उठवणं झालं नाही. दर रविवारी वेळापत्रकाचा खुणा केलेला तक्ता तुम्हाला पाठवायचा होता आणि खोटी खूण करायला हात धजेना. म्हणून चार ते सहा मीच त्याची पुस्तकं घेऊन बसू लागले, आणि मगच लाल पेन्सिलीनं खूण करायची. तुमचं उत्तर यायचं, ‘शाबास!’

तो नापास झाला असता, तर तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं?

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुमच्या शाबासक्या मात्र मी ठेवून घेतल्या आहेत.

उद्याही चारलाच उठेन. इतिहासाची शंभर पानं राहिली आहेत.

तुमची,
वृंदा