पलीकडच्या उतारावर

सोनाळा,
ता. १८ एप्रिल १९७३

प्रिय बेबीताईले धाकट्या केसरचा जय भीम.

तू, भाऊजी, लेकरं बरी असाल. इथं विहिरींनी तळ दाखवला. मले खडी फोडायचं काम भेटलं, म्हणून चूल पेटते. सासूबाईले आता काहीच दिसत नाही.

ह्यायचं म्हणशील, तर हे डिंकासाठी डोंगरात गेले ते अजून आले नाहीत. यंदा जयंतीलेही घरी नव्हते. जंगलाचा शिपाई म्हणे, "माथ्यापर्यंत आमची हद्द. पलीकडं मध्य प्रदेश, तिकडं विचारा."

मग मी अन् माहा दीर पुंजाजी शोधत माथ्यावर गेलो. तो एका अंगानं गेला, मी दुसऱ्या. पलीकडं कडा सरळ तुटलेला हाय. तिथं डिंकाच्या धावड्याची फांदी मोडलेली होती. मी वाकून पाह्यलं.



खाली निळा सदरा दिसला. मागच्या सालच्या जयंतीले भाऊजींनी शिवून देल्ला, तोच. लय हाका मारल्या. हे हलले नाहीत. वर गिधाडं फिरत होती.

पुंजाजीनं लांबून विचारलं, "वहिनी, काही दिसलं काय?"

मी म्हटलं, "नाही."

काऊन म्हटलं, ते तुलेच सांगते. तो तिथल्या तिथं उतरला असता. त्या कड्याले पाय ठेवायले जागा नाही. सासूबाईले दोनच पोरं. एक तरी राहू दे. रोज भाकर टाकताना त्या पुसतात, "आला काय वो सहदेव?" मी म्हणते, येतील.

आता पुंजाजीनं दोर आणला. परवा कड्याखाली उतरून पाहतो म्हणे. पाय धरले तरी ऐकत नाही. खरं सांगितलं तर आजच जाईल.

तुमच्या गावाकडून त्या दरीत गुरांची वाट जाते. आमच्या शेजारचा दयाराम बैल घेऊन आज तुमच्या गावाले निघून राह्यला, उद्या पोचंन. त्याच्याच हाती हे पत्र देते. भाऊजीले म्हणा, वाचल्याबरोबर चार माणसं घेऊन निघा. ह्यायले तिथंच माती द्या, माह्यासाठी थांबू नका. पुंजाजी वर दिसला तर खालूनच हाका मारा. उतरू नको म्हणा, आम्ही पोचलो.

तू मात्र इकडं ये. सासूबाईले एकटीनं सांगायची माही हिंमत नाही. तू दारात दिसली की रडीन. आता रडली तर पुंजाजीले समजंन.

अजून बांगड्या न फोडलेली,
तुही केसर